कठीण निर्णय आणि उद्योगनेतृत्वाची विचारपद्धती : चार प्रसंगांच्या आधारे एक विवेचन

सारांश : व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात निर्णयप्रक्रिया पायऱ्यांच्या स्वरूपात शिकविली जाते. उद्योगसंस्थेच्या अस्तित्वाशी निगडित असलेले निर्णय मात्र या पायऱ्यांनी क्वचितच घेतले जातात. इंटेल (१९८५), जॉन्सन अँड जॉन्सन (१९८२), टाटा पोलाद कारखाना (१९२४) आणि बजाज ऑटो (२००९) या चार प्रसंगांच्या आधारे उद्योगनेते अशा वेळी विचार कसा करतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. कठीण निर्णयातील निर्णायक टप्पा पर्यायनिवडीचा नसून त्यापूर्वीच्या प्रश्नमांडणीचा असतो आणि त्या प्रश्नात किंमत मोजणाऱ्याला स्थान आहे की नाही यावरून निर्णयाचा दर्जा ठरतो, हे या विवेचनाचे सूत्र आहे.

१. प्रास्ताविक

वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत 'निर्णय घेणे' या प्रकरणाची मांडणी सारखीच असते. समस्येची ओळख, माहितीचे संकलन, पर्यायांची मांडणी, पर्यायांचे मूल्यमापन, योग्य पर्यायाची निवड, अंमलबजावणी आणि आढावा या पायऱ्या विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. ही मांडणी चुकीची म्हणता येणार नाही. कच्चा माल कोणाकडून घ्यावा, गोदाम कोठे बांधावे, यंत्र विकत घ्यावे की भाड्याने, अशा प्रश्नांसाठी ती उपयुक्तच आहे.

परंतु ज्या वस्तूमुळे संस्थेला नाव मिळाले ती वस्तूच बंद करावी काय, कायद्याने सक्ती नसताना कोट्यवधींचा माल परत बोलवावा काय, बुडत्या कारखान्यात स्वतःची मालमत्ता घालावी काय, असे प्रश्न उभे राहतात तेव्हा ही शिडी अपुरी पडते. अशा वेळी माहिती उपलब्ध असते, पर्यायही दोनतीनच असतात आणि तरीही निर्णय होत नाही. तो का होत नाही आणि अखेरीस कसा होतो, हे समजून घेणे व्यवस्थापनाच्या प्राध्यापकाइतकेच मानसशास्त्र, अर्थशास्त्र व नीतिशास्त्राच्या अभ्यासकालाही महत्त्वाचे वाटेल.

२. निर्णय कठीण का होतो?

अमेरिकन अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत मूलभूत फरक केला. जोखमीची शक्यता मोजता येते, म्हणून तिचा विमा उतरविता येतो. अनिश्चितता मोजता येत नाही. उद्योजकाचा नफा हा अशी अनिश्चितता पत्करण्याचा मोबदला होय, असे नाइट यांचे प्रतिपादन होते. कठीण निर्णय बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडतात. तेथे आकडेमोड थांबते आणि विवेकाचे काम सुरू होते.

हा विवेकही अमर्याद नसतो. हर्बर्ट सायमन यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रशासकीय वर्तनावरील ग्रंथात आणि नंतरच्या लेखनात 'मर्यादित विवेकशीलता' ही संकल्पना मांडली. माणसाला सर्व पर्याय दिसत नाहीत आणि दिसले तरी त्या सर्वांचे परिणाम त्याला तोलता येत नाहीत. त्यामुळे सर्वोत्तम पर्यायाच्या शोधात न राहता तो पुरेसा समाधानकारक पर्याय स्वीकारतो. सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली यात आणखी एका मर्यादेची भर घातली. समान रकमेचा लाभ जेवढा आनंद देतो त्यापेक्षा तेवढ्याच रकमेचे नुकसान अधिक बोचते, असे त्यांनी दाखविले. म्हणूनच हातचे सोडून देण्याचा निर्णय नवे स्वीकारण्याच्या निर्णयापेक्षा जड जातो. बॅरी स्टॉ यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यवसायशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कंपनीचा निधी वाटप करण्यास सांगितले होते. ज्यांनी पहिला निर्णय स्वतः घेतला होता आणि तो फसला होता, त्यांनीच त्याच विभागात सर्वाधिक रक्कम पुन्हा गुंतविली. आपली चूक मान्य करण्यापेक्षा ती पुढे रेटणे माणसाला सोपे वाटते, असा याचा अर्थ होतो.

या संशोधनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कठीण निर्णयाचा अडसर पुष्कळदा निर्णय घेणाऱ्याच्या भूतकाळात असतो. पुढील चारही प्रसंगांत याचे प्रत्यंतर येते.

३. इंटेल : बाहेरच्या माणसाचा प्रश्न

१९६८ साली स्थापन झालेल्या इंटेल कंपनीचा पाया संगणकाच्या स्मृती-चिपवर, म्हणजे मेमरी चिपवर उभा होता. १९७० साली तिने बाजारात आणलेली '११०३' ही चिप या क्षेत्रातील मैलाचा दगड मानली जाते. पुढे जपानी कंपन्या उत्तम दर्जाच्या चिप कमी किमतीत विकू लागल्या आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास या व्यवसायात इंटेलला सतत तोटा होऊ लागला. दुसरीकडे, कंपनीचा मायक्रोप्रोसेसर १९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात बसविला गेला होता आणि त्याची मागणी वाढत होती.

आकडे स्पष्ट असूनही वर्षभर चर्चा चालू राहिली. स्मृती-चिप हेच आपले तंत्रज्ञान पुढे नेणारे उत्पादन आहे आणि ग्राहकाला सर्व प्रकारच्या चिप एकाच ठिकाणी मिळाल्या पाहिजेत, या दोन समजुती कंपनीत श्रद्धेप्रमाणे रुजल्या होत्या. १९८५ सालच्या मध्यास कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी प्रमुख कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना एक प्रश्न विचारला. संचालक मंडळाने आपल्या दोघांना काढून नवा प्रमुख आणला, तर तो काय करील? तो स्मृती-चिपच्या व्यवसायातून बाहेर पडेल, असे उत्तर मूर यांनी दिले. मग आपणच दाराबाहेर जाऊन नव्या माणसाप्रमाणे परत यावे आणि ते काम करावे, असे ग्रोव्ह यांनी सुचविले. हा प्रसंग त्यांनी स्वतः १९९६ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदविला आहे.

या प्रश्नाने नवी माहिती पुरविली नाही. त्याने निर्णय घेणाऱ्याला त्याच्या भूतकाळापासून वेगळे केले. नव्या प्रमुखाने स्मृती-चिपसाठी रात्री जागविलेल्या नसतात, त्यामुळे तिला सोडताना त्याला स्वतःचे काही गमवावे लागत नाही. स्टॉ यांच्या प्रयोगातील अडसर या एका कल्पनेने दूर होतो.

या कथेची दुसरी बाजू वर्गात क्वचितच सांगितली जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रॉबर्ट बर्गेलमन यांनी इंटेलचा सखोल अभ्यास केला. कारखान्यातील उत्पादनक्षमता कोणत्या चिपला द्यावी हे ठरविण्यासाठी कंपनीत एक नियम होता. सिलिकॉनच्या प्रत्येक चकतीमागे जी चिप अधिक नफा देईल तिला प्राधान्य दिले जाई. या नियमानुसार मधल्या फळीतील अधिकारी हळूहळू क्षमता मायक्रोप्रोसेसरकडे वळवीत गेले होते. वरिष्ठांनी निर्णय जाहीर केला तेव्हा तो बऱ्याच अंशी अमलात आलेला होता. नेतृत्वाचे विचारमंथन एका खोलीत घडते हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो.

या निर्णयाची किंमतही नोंदविली पाहिजे. १९८६ साली कंपनीला मोठा तोटा झाला, कारखाने बंद झाले आणि हजारो कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. १९९२ साली इंटेल जगातील सर्वांत मोठी अर्धवाहक कंपनी बनली, तेव्हा ते कर्मचारी तेथे नव्हते. ग्रोव्ह यांच्या प्रश्नाने संस्थेला वाट दाखविली. मात्र दाराबाहेर गेलेल्या दोघांना परत आत येता आले, इतरांना आले नाही. बाहेरच्या माणसाची ही भूमिका भावनांचा अडसर जसा दूर करते तसाच संस्थेतील माणसांचा विचारही दृष्टीआड करू शकते, हे तिचे वैगुण्य आहे.

४. जॉन्सन अँड जॉन्सन : आधीच ठरलेला क्रम

इंटेलला विचार करण्यास वर्ष मिळाले. काही प्रसंगी तासही मिळत नाहीत. १९८२ सालच्या सप्टेंबरच्या अखेरीस अमेरिकेतील शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेतल्यानंतर सात जणांचा मृत्यू झाला. कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळल्याचे आढळले. विष कारखान्यात नव्हे, तर माल दुकानांत पोहोचल्यानंतर मिसळले गेले असावे, असा तपासाचा निष्कर्ष होता. गुन्हेगार अद्याप सिद्ध झालेला नाही.

उत्पादक जॉन्सन अँड जॉन्सन या समूहाचा दोष दिसत नव्हता. विषारी बाटल्या एकाच परिसरात सापडल्या होत्या. देशभरातून माल परत बोलाविल्यास अशा गुन्हेगारांना उत्तेजन मिळेल, असे मत सरकारी तपासयंत्रणांतही व्यक्त होत होते. असे असूनही अध्यक्ष जेम्स बर्क यांच्या नेतृत्वाखालील व्यवस्थापनाने देशभरातील सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत बोलाविल्या. त्यांची किंमत १० कोटी डॉलरहून अधिक होती. बाजारपेठेतील सुमारे ३५ टक्के असलेला वाटा अल्पावधीत ८ टक्क्यांच्या आसपास आला. त्याच वर्षी छेडछाड केल्यास लक्षात येईल असे तिहेरी वेष्टन घालून औषध पुन्हा बाजारात आणले गेले आणि सुमारे वर्षभरात गेलेला बहुतेक वाटा परत मिळाला.

येथे विचार आधीच झालेला होता. रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी १९४३ साली कंपनीचे एक कर्तव्यपत्र लिहिले होते. त्यात कंपनीच्या जबाबदाऱ्यांचा क्रम दिलेला आहे. औषध वापरणारे रुग्ण व डॉक्टर सर्वप्रथम येतात आणि भागधारक सर्वांत शेवटी. असे कागद अनेक कार्यालयांच्या भिंतींवर टांगलेले असतात. बर्क यांचे वेगळेपण असे की, संकट येण्यापूर्वीच्या वर्षांत त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बैठका घेऊन त्यांना आव्हान दिले होते : हा क्रम आपल्याला मान्य नसेल तर कागद काढून टाकावा, मान्य असेल तर त्याप्रमाणे वागावे. त्यामुळे १९८२ साली 'कोणाचे हित प्रथम' हा वाद नव्याने घालावा लागला नाही.

तथापि, पूर्वनिश्चित क्रम सर्व काही सुचवीत नाही. १९८२ साली वेष्टन बदलले, पण कॅप्सूल तशीच राहिली. १९८६ सालच्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कजवळ विषयुक्त टायलेनॉल कॅप्सूलमुळे एका तरुणीचा मृत्यू झाला. त्यानंतरच चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या औषधांसाठी कॅप्सूलचा वापर कंपनीने थांबविला. पुढील काळात याच कंपनीला टाल्कयुक्त पावडरीसंबंधी हजारो दाव्यांना तोंड द्यावे लागले. त्यामुळे १९८२ चा निर्णय कंपनीच्या चारित्र्याचे कायमचे प्रमाणपत्र ठरत नाही. प्रत्येक पिढीला तो क्रम पुन्हा आपलासा करावा लागतो.

५. टाटा पोलाद कारखाना : टिकून राहण्याची कसोटी

वरील दोन उदाहरणांत नेतृत्वाने काहीतरी सोडून दिले. सोडणे म्हणजेच शहाणपण, असा समज यातून होऊ नये म्हणून तिसरा प्रसंग विचारात घेणे आवश्यक आहे.

१९०७ साली स्थापन झालेल्या टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने १९१२ साली साकची येथे पोलादाचे उत्पादन सुरू केले. पहिल्या महायुद्धात मागणी वाढली आणि कंपनीने मोठा विस्तार हाती घेतला. युद्ध संपल्यावर यंत्रसामग्रीच्या किमती चढ्या राहिल्या, पोलादाच्या किमती मात्र कोसळल्या. युरोपातील स्वस्त पोलाद भारतात येऊ लागले. कंपनीचे लोखंड विकत घेणाऱ्या जपानला १९२३ साली मोठ्या भूकंपाचा तडाखा बसला. १९२४ साली जमशेदपूरच्या कारखान्यात पगार देण्यापुरतेही पैसे उरले नाहीत.

जमशेटजींचे पुत्र सर दोराबजी टाटा यांनी अशा वेळी आपली सर्व खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून सुमारे १ कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. पत्नी मेहेरबाई यांचे दागिने आणि कोहिनूरहून आकाराने मोठा असलेला सुमारे २४५ कॅरटचा 'ज्युबिली' हिराही त्यात होता.

स्टॉ यांच्या दृष्टीने पाहिल्यास हे फसलेल्या निर्णयात अधिक पैसा ओतण्याचे उदाहरण वाटू शकेल. चिकाटी आणि हट्ट बाहेरून सारखेच दिसतात. त्यांतील फरक दोन कसोट्यांवर करता येतो.

पहिली कसोटी तोट्याच्या कारणाची. इंटेलचा तोटा प्रतिस्पर्ध्याच्या कायमच्या सरशीमुळे होता. जमशेदपूरच्या कारखान्याजवळ लोहखनिज होते, कोळसा फार दूर नव्हता आणि देशात पोलादाला मागणी होती. तोटा मुख्यतः कोसळलेल्या किमती व विस्ताराचा खर्च यांतून आला होता. शिवाय पोलादाला संरक्षण द्यावे काय, याची चौकशी १९२३ साली नेमलेल्या टॅरिफ बोर्डाकडे सोपविली होती आणि १९२४ सालच्या कायद्याने आयात पोलादावर संरक्षक जकात बसली. संकटाला शेवट असू शकतो असे मानण्यास ठोस आधार होता.

दुसरी कसोटी किंमत मोजणाऱ्याची. दुसऱ्याच्या पैशावर धीर धरणे सोपे असते. दोराबजींनी स्वतःचे घर पणाला लावले. ज्या निर्णयाचे नुकसान निर्णय घेणाऱ्याच्याच पदरात पडणार असते, तो निर्णय अचूक ठरेलच असे नाही, पण तो अधिक प्रामाणिकपणे तपासला जातो. कारखाना तरला. दोराबजींची संपत्ती पुढे त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीकडे गेली आणि त्याच निधीने १९४१ साली मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले.

६. बजाज ऑटो : निर्णय आणि निकाल

पहिल्या तिन्ही प्रसंगांत निर्णय यशस्वी ठरला म्हणूनच ते पाठ्यपुस्तकांत आले. यशाच्या प्रकाशात प्रत्येक निर्णय शहाणपणाचा दिसतो. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १८१४ सालच्या ब्रिटिश-गुरखा संघर्षाचे वर्णन वाचकांना दिले होते. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट सांगण्यात आला. ज्या गटाला जो शेवट सांगितला, त्या गटाला तोच शेवट पूर्वीपासून अधिक संभाव्य होता असे वाटले. निकाल कळल्यावर निर्णयाचे निःपक्ष मूल्यमापन किती अवघड होते, हे यावरून दिसते.

या दृष्टीने पुण्यातील बजाज ऑटोचे उदाहरण उद्बोधक आहे. १९७२ साली आलेल्या 'चेतक' स्कूटरने भारतीय मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या वाहून नेल्या. परवान्यांच्या काळात तिच्यासाठी अनेक वर्षे वाट पाहावी लागे. पुढे बाजार मोटरसायकलकडे वळला. कंपनीने २००१ साली 'पल्सर' आणली आणि चेतकचे उत्पादन कालांतराने थांबले. २००९ सालच्या डिसेंबरमध्ये राजीव बजाज यांनी स्कूटरचा व्यवसाय पूर्णपणे सोडून मोटरसायकलवर लक्ष केंद्रित करण्याचा निर्णय जाहीर केला. जगाच्या बाजारपेठेत उतरावयाचे तर एका उत्पादनात विशेष प्रावीण्य हवे, ही त्यामागची भूमिका होती. त्यांचे वडील राहुल बजाज यांनी या निर्णयाचे दुःख जाहीरपणे बोलून दाखविले.

त्यानंतरच्या दशकात दोन्ही गोष्टी घडल्या. कंपनीच्या मोटरसायकली अनेक देशांत पोहोचल्या आणि ती भारतातील अग्रगण्य दुचाकी निर्यातदार बनली. त्याच काळात भारतात गियरविरहित स्कूटरची मागणी प्रचंड वाढली आणि तिचा लाभ प्रामुख्याने होंडासारख्या स्पर्धकांना झाला. २०१९ सालच्या ऑक्टोबरमध्ये बजाज ऑटोने विजेवर चालणारी 'चेतक' सादर केली आणि २०२० पासून तिची विक्री सुरू झाली.

मग २००९ चा निर्णय चुकला काय? निकालावरून उत्तर देणाऱ्यास 'हो' आणि 'नाही' ही दोन्ही उत्तरे देता येतील. प्रश्न असा विचारावयास हवा की, २००९ साली उपलब्ध असलेल्या माहितीवर आणि कंपनीच्या मर्यादित अभियांत्रिकी बळावर तो तर्कसंगत होता काय, आणि गियरविरहित स्कूटरची वाढ तेव्हा दिसत होती काय. या दुसऱ्या प्रश्नावर दोन जाणकारांचे मतभेद होऊ शकतात आणि तसे ते व्हावेत.

एकदा उपयोगी पडलेला विचार पुढेही उपयोगी पडतो असे नाही, याची साक्ष इंटेलनेच दिली आहे. अॅपलच्या आयफोनसाठी चिप पुरविण्याची संधी कंपनीने नाकारली होती. देऊ केलेली किंमत अपेक्षित उत्पादनखर्चापेक्षा कमी होती, हे त्याचे कारण तत्कालीन प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३ साली सांगितले. खर्चाचा अंदाज चुकला होता आणि मागणी कल्पनेपलीकडे वाढली. नफ्याच्या ज्या हिशोबाने १९८५ साली कंपनीला वाचविले, त्याच धर्तीच्या हिशोबाने पुढे तिला मोबाइलच्या बाजारापासून दूर ठेवले.

७. मतभेदाचे स्थान

मतभेद हा निर्णयप्रक्रियेतील दोष मानला जातो. अनुभवी नेत्यांचे वर्तन याच्या उलट आहे. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांच्याविषयी पीटर ड्रकर यांनी १९६७ साली एक प्रसंग नोंदविला. एका बैठकीत सर्वांचे एकमत झाल्याचे दिसताच स्लोन यांनी तो विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब केला. मतभेद निर्माण होण्यास आणि विषय खऱ्या अर्थाने समजण्यास अवधी मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ साली याच दोषाला समूहविचार असे नाव देऊन त्याचे विश्लेषण केले. परस्परांशी घट्ट बांधलेल्या गटात विरोधी मत मांडणे हा गटद्रोह वाटू लागतो आणि शंका मनातच राहतात.

यावर गॅरी क्लाइन यांनी २००७ साली एक सोपा उपाय लोकप्रिय केला. योजना मंजूर करण्यापूर्वी, ती वर्षभराने पूर्णपणे फसली आहे असे गृहीत धरावे आणि प्रत्येकाने तिच्या अपयशाची कारणे स्वतंत्रपणे लिहून काढावीत. शंका घेणारा माणूस यामुळे विरोधक ठरत नाही, कारण शंका घेणे हेच त्याला नेमून दिलेले काम असते. ग्रोव्ह यांचा प्रश्न माणसाला भूतकाळापासून सोडवितो, क्लाइन यांचा प्रश्न त्याला भविष्यात नेऊन उभा करतो. दोन्ही ठिकाणी विचाराची जागा बदलते.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनातून अध्यापनासाठी काही सूचना निघतात. पहिली, प्रसंगाभ्यास शिकविताना निकाल आधी सांगू नये. टायलेनॉलचा वाटा परत मिळाला हे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला माल परत बोलाविणे सोपे वाटते. बर्क यांना ते ठाऊक नव्हते. दुसरी, विद्यार्थ्याकडून उत्तराऐवजी प्रथम प्रश्न लिहून घ्यावा. 'स्मृती-चिपचा तोटा कसा कमी करावा?' आणि 'नवा प्रमुख काय करील?' या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी येतात, हे त्याच्या लक्षात आणून द्यावे. तिसरी, प्रत्येक पर्यायापुढे त्याची किंमत कोण मोजणार, याचा एक रकाना असावा. कामगार, भागधारक, ग्राहक की निर्णय घेणारा स्वतः, हे नावानिशी लिहिल्याशिवाय मूल्यमापन पूर्ण मानू नये. चौथी, निर्णय घेताना त्याची कारणे दिनांकासह लिहून ठेवण्याची सवय लावावी. निकाल लागल्यावर स्मृती बदलते, लिहिलेला कागद बदलत नाही.

या सूचना उद्योगापुरत्याच मर्यादित नाहीत. एखादा विषय विद्यार्थीसंख्येअभावी बंद करावा काय, हा प्रश्न आज अनेक महाविद्यालयांपुढे आहे. तोही याच जातीचा कठीण निर्णय होय. तो विषय ज्यांनी वाढविला त्यांना तो सोडवत नाही आणि ज्यांना आकडेच दिसतात त्यांना तो सोडणे फार सोपे वाटते. घट तात्पुरती आहे की कायमची, किंमत कोण मोजणार आणि विरोधी मत बैठकीत उमटले काय, हे तीन प्रश्न तेथेही तितकेच लागू पडतात.

९. समारोप

चार प्रसंग, चार काळ आणि चार निरनिराळे उद्योगक्षेत्र असूनही त्यांत एक साम्य आढळते. ग्रोव्ह यांनी स्वतःला परके मानून पाहिले, बर्क यांनी कर्तव्यांचा क्रम आधी निश्चित केला, दोराबजींनी नुकसानीचा वाटा स्वतः उचलला आणि राजीव बजाज यांनी संस्थेच्या ओळखीपेक्षा तिच्या पुढील वाटेला महत्त्व दिले. प्रत्येकाने निवडीपूर्वी प्रश्नाची मांडणी बदलली. ती नेहमीच यशाकडे नेते असे नाही आणि यशाकडे नेली तरी सर्वांनाच तेथवर पोहोचविते असेही नाही. नोकरी गमावलेले कर्मचारी आणि १९८६ सालची ती तरुणी यांची आठवण ठेवूनच या उदाहरणांचे अध्यापन व्हावयास हवे.

पाठ्यपुस्तकातील सात पायऱ्या रद्द करण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या आधी एक पायरी जोडावी लागेल. आपण कोणता प्रश्न विचारीत आहोत, तो कोठे उभे राहून विचारीत आहोत आणि त्याच्या उत्तराची किंमत कोणाच्या पदरात पडणार आहे, एवढे स्पष्ट झाल्यावर उरलेल्या पायऱ्या चढणे विद्यार्थ्याला आणि उद्योगनेत्यालाही अधिक सुकर होईल.